मुंबई आंदण देणाऱ्या लग्नाची गोष्ट : ब्रागांझा घराण्याची लेक आणि १६६१ चा तह

मुंबई बेट पोर्तुगिजांनी इंग्रजांना आंदण दिलं, एवढं आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असतं. ते कुणी दिलं, द्यायची वेळ का आली आणि ज्या मुलीबरोबर ते गेलं तिचं सासरी पुढे काय झालं, इथवर मात्र ही गोष्ट सहसा पोचत नाही. मुलगी होती पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ब्रागांझा, नवरा इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स. लग्न ठरवलं कॅथरीनच्या विधवा आईने, लुईझा द गुझमानने, आणि ते ठरवलं राज्य वाचवण्यासाठी. त्या हेतूच्या मापाने पाहिलं तर सतराव्या शतकातल्या अत्यंत यशस्वी राजविवाहांत त्याची गणना व्हायला हवी. तरीही कॅथरीनची आठवण निघते ती वारस देऊ न शकलेली राणी म्हणून. मला हा ढळढळीत अन्याय वाटतो. तो कसा घडला हे कळण्यासाठी या लग्नातले पैसे, जहाजं, कलमं आणि माणसं नीट पाहायला हवीत.

लिस्बनची कोंडी

१५८० साली पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे गेली आणि पुढची साठ वर्षं तिथेच राहिली. १ डिसेंबर १६४० रोजी लिस्बनमधल्या सरदारांनी उठाव केला आणि ब्रागांझाच्या ड्यूकला राजा म्हणून उभं केलं. हाच चौथा जुआंव. तो स्वभावाने सावध होता. राजपद घ्यावं की नाही, यावर त्याचा निश्चय होत नव्हता. त्याची बायको लुईझा ही जन्माने स्पेनची, अंदालुसियातल्या मेदिना सिदोनिया घराण्याची. आयुष्यभर ड्यूकची बायको म्हणून जगण्यापेक्षा एका दिवसाची राणी होणं बरं, असं तिने नवऱ्याला सुनावल्याचं सांगतात. शब्द तिचेच असतील असं नाही, पण पुढच्या बावीस वर्षांत ती जशी वागली ते या आख्यायिकेला साजेसंच आहे. कॅथरीनचा जन्म २५ नोव्हेंबर १६३८ चा, व्हिला व्हिसोझाच्या वाड्यातला. म्हणजे बाप राजा झाला तेव्हा ती जेमतेम दोन वर्षांची होती.

राजा होणं सोपं होतं, राजा म्हणून मान्यता मिळवणं अवघड. स्पेनच्या लेखी हे बंड होतं, आणि त्याविरुद्धचं युद्ध अठ्ठावीस वर्षं चाललं. पोपनेही स्पेनच्या धाकाने ब्रागांझा घराण्याला मान्यता दिली नव्हती. कट्टर कॅथलिक देशाच्या दृष्टीने हे फार जिव्हारी लागणारं होतं. १६५३ मध्ये थोरला राजपुत्र तेओदोझिओ गेला, १६५६ मध्ये जुआंव गेला. गादीवर आला तेरा वर्षांचा अफोंसो. लहानपणच्या आजाराने त्याचं अर्धं अंग लुळं पडलं होतं आणि बुद्धीही पुरती सावरली नव्हती. कारभार लुईझाच्या हाती आला.

तिच्या वाट्याला आलेला काळ वाईट होता. पूर्वेकडे डचांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना घेतलं. मग १६५९ मध्ये फ्रान्स आणि स्पेनने पिरेनीजचा तह केला. या तहात फ्रान्सने पोर्तुगालला मदत न करण्याचं कबूल केलं, आणि चौदाव्या लुईचं लग्न स्पेनच्या राजकन्येशी ठरलं. याच लुईसाठी कधीकाळी कॅथरीनचं नाव सुचवलं गेलं होतं. आता ती वाट बंद झाली. फ्रान्सच्या आघाडीवरून मोकळं झालेलं स्पेनचं सैन्य पोर्तुगालवर येणार हे उघड होतं. खजिन्यात पैसा नाही, मित्र कुणी नाही, पोपचा आशीर्वाद नाही. लुईझापाशी देण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या, समुद्रापलीकडचे मुलूख आणि लग्नाची मुलगी.

लंडनमधला सौदा

मे १६६० मध्ये परागंदा असलेला चार्ल्स लंडनला परतला आणि गादीवर बसला. वय तीस, डोक्यावर कर्ज आणि लग्न व्हायचं होतं. लुईझाचा वकील फ्रान्सिश्कू द मेलो याने त्याच्यापुढे प्रस्ताव ठेवला : वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी) रोख, मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं टँजिअर, हिंदुस्थानातलं मुंबई, आणि ब्राझील व पूर्वेकडच्या पोर्तुगीज मुलखांत इंग्रजांना व्यापाराची मुभा. वीस लाख क्रुझादो म्हणजे सुमारे तीन लाख पौंड. पार्लमेंटने राजाला वर्षाला बारा लाख पौंडांचं उत्पन्न ठरवून दिलं होतं आणि प्रत्यक्षात तेवढंही हाती येत नव्हतं, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं.

स्पेनचा लंडनमधला वकील हा सौदा मोडायला धावला. चार्ल्सला त्याने दुसऱ्या मुली सुचवल्या. पार्माची राजकन्या घ्या, स्पेनचा राजा तिला मुलीसारखा हुंडा देईल. कॅथलिक नको असेल तर प्रॉटेस्टंट मुलगी शोधा, तिलाही आम्ही हुंडा देऊ. आणि या सगळ्याबरोबर त्याने एक कुजबुज सोडली, की पोर्तुगालच्या मुलीला मूल होणार नाही. मुलगी तेव्हा बावीस वर्षांची होती, इंग्लंडमध्ये कुणी तिला पाहिलंही नव्हतं. या कुजबुजीला आधार काहीच नव्हता. पण ती विसरली गेली नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

मे १६६१ मध्ये चार्ल्सने पार्लमेंटला लग्न जाहीर केलं आणि २३ जून १६६१ रोजी तह झाला. अकराव्या कलमात मुंबईचं बंदर आणि बेट इंग्लंडच्या राजाला देण्याचं ठरलं. बदल्यात इंग्लंडने दोन हजार पायदळ, एक हजार घोडदळ आणि लढाऊ जहाजं पोर्तुगालच्या मदतीला द्यायची होती. एक गुप्त कलमही होतं : हिंदुस्थानातल्या पोर्तुगीज ठाण्यांना डचांपासून वाचवायला इंग्रजांनी मदत करायची. लुईझाच्या नजरेने पाहिलं तर मुंबई देण्यामागचा हेतू इथे कळतो. इंग्रजांना त्या किनाऱ्यावर जागा मिळाली की डचांविरुद्ध उभं राहण्यात त्यांचाही स्वार्थ येईल, असा तिचा हिशेब होता. कॅथरीनला वर्षाला तीस हजार पौंड आणि तिचा धर्म पाळण्याची, स्वतःचं प्रार्थनागृह ठेवण्याची मोकळीक मिळाली.

राजघराण्यांतलं लग्न त्या काळी असंच होत असे. सैन्य, महसूल, बंदरं, धर्म, सगळं एका दस्तऐवजात. ज्या गोष्टी माणसाच्या हातात आहेत त्या लिहून घेता येतात. मूल व्हावं ही अपेक्षा सगळ्यांची असते, पण ते कोणत्याही तहात कलम घालून मिळत नाही. या एकाच न लिहिलेल्या अपेक्षेवर पुढे सगळ्या लग्नाची किंमत ठरवली गेली.

साखरेची पोती

वधूला आणायला अर्ल ऑफ सँडविच आरमार घेऊन गेला. आधी त्याने टँजिअरचा ताबा घेतला, मग तो लिस्बनला आला. तिथे त्याला कळलं की रोकड तयार नाही. लुईझाने दागिने विकले होते, चर्चमधली चांदी गोळा केली होती, तरी रक्कम जमली नाही. निम्मा हुंडा आता देते, निम्मा वर्षभरात, असं तिने सांगितलं, आणि आत्ताचा निम्मासुद्धा साखर, मसाले आणि व्यापारी हुंड्यांच्या, म्हणजे पैसे देण्याच्या चिठ्ठ्यांच्या रूपात दिला. माल लंडनला विकून पैसे उभे करण्यासाठी दुआर्ते द सिल्वा नावाचा व्यापारी सोबत पाठवला. सँडविचला असं काही स्वीकारण्याचा अधिकार नव्हता. पण वधूला तिथेच ठेवून परत जावं तर दोन्ही राज्यांची नाचक्की आणि तहाचा बोजवारा. त्याने पोती जहाजांत भरून घेतली. उरलेली रक्कम पुढे वर्षानुवर्षं रखडत राहिली.

पोप ब्रागांझांना मानत नसल्यामुळे लिस्बनमध्ये वराच्या प्रतिनिधीबरोबर लग्न लावण्याची नेहमीची रीतही करता आली नाही. राजकन्या अविवाहितच निघाली. २१ मे १६६२ रोजी पोर्ट्समथला लग्न लागलं, आधी बंद दाराआड कॅथलिक पद्धतीने, मग लोकांसमोर अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चच्या पद्धतीने. वधूला इंग्रजी येत नव्हतं. नवराबायको एकमेकांशी स्पॅनिशमध्ये बोलत. ज्या देशाशी तिचं माहेर लढत होतं, त्याच देशाची ही भाषा.

चहाबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण कॅथरीनचं नाव निघालं की तो विषय येतोच. चहा लंडनमध्ये ती येण्याआधीपासून विकला जात होता. तिने तो दरबारी रिवाज केला, एवढं श्रेय तिला नक्की आहे. या प्रकरणात त्याहून मोठ्या गोष्टी आहेत.

हॅम्प्टन कोर्टचा उन्हाळा

चार्ल्सची त्या वेळची प्रेयसी बार्बरा पामर, लेडी कॅसलमेन. जून १६६२ मध्ये, म्हणजे राजाच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा, तिला राजापासून मुलगा झाला. राणीच्या शयनगृहातल्या मानकरी स्त्रियांची यादी तयार झाली आणि राजाने त्यात बार्बराचं नाव घातलं. ही नेमणूक म्हणजे पगार, राजवाड्यात राहायची जागा आणि राणीच्या सहवासाचा रोजचा हक्क. कॅथरीनने ते नाव खोडून टाकलं. हे नाव आपल्यासमोर कुणाला घेऊसुद्धा देऊ नकोस, अशी ताकीद आईने तिला निघतानाच दिली होती.

मग हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात राजाने स्वतःच बार्बराला हात धरून दरबारात आणलं. कॅथरीनने आधी ओळखलं नाही, तिने रीतीप्रमाणे हात पुढे केला. ही कोण हे कळलं तेव्हा तिच्या नाकातून रक्त वाहू लागलं आणि ती बेशुद्ध पडली. राजाला तिची दया आली नाही. चारचौघांत आपला अपमान झाला, असं त्याला वाटलं. राणीची समजूत घालण्याचं काम त्याने आपल्या मुख्य मंत्र्यावर, क्लॅरेंडनवर सोपवलं. क्लॅरेंडनला स्वतःला ही नेमणूक पसंत नव्हती. त्याला राजाने लिहिलं, की या बाबतीत जो कोणी लेडी कॅसलमेनचा शत्रू ठरेल त्याचा मी जन्मभर शत्रू राहीन.

मी माहेरी परत जाते, असं कॅथरीन म्हणाली. आई तुला घरात घेईल का ते आधी विचार, असं उत्तर मिळालं. त्यानंतर राजाने तिच्याबरोबर आलेली बहुतेक पोर्तुगीज मंडळी परत पाठवली. वयस्कर, दृष्टी अधू झालेली काउंटेस ऑफ पेनाल्वा, धर्मगुरू आणि स्वयंपाकघरातली थोडी माणसं, एवढीच मागे राहिली. हुंडा पुरता आला नाही, याचाही राग दुआर्ते द सिल्वावर निघाला.

त्याच जून महिन्यात लिस्बनमध्ये काय घडलं, ते या प्रसंगाशेजारी ठेवून वाचलं पाहिजे. अफोंसोभोवतीच्या सरदारांनी, काउंट ऑफ कास्तेलो मेल्योरच्या पुढाकाराने, लुईझाला कारभारातून दूर केलं. म्हणजे राजा कॅथरीनला माहेरचा टोमणा मारत होता तेव्हा तिच्या आईच्या हातून सत्ता जात होती किंवा गेली होती. परत जायला माहेर उरलं नव्हतं. आणि गेली असती तर तह मोडला असता, मदतीचं सैन्य थांबलं असतं, स्पेनला जे हवं होतं तेच झालं असतं.

काही आठवड्यांनी कॅथरीन नमली. एका दिवशी ती बार्बराशी सर्वांसमोर सहज बोलू लागली. क्लॅरेंडनला हे आवडलं नाही. इतकं ताणून मग एकदम माघार घेण्यात राणीने आपला मान घालवला, असं त्याचं मत पडलं, आणि पुढच्या अनेक लेखकांनी तेच उचललं. मला हा निवाडा पटत नाही. तेवीस वर्षांची, भाषा न येणारी, सोबतची माणसं काढून घेतलेली ही बाई, आणि तिच्यावर अवलंबून असलेलं एक युद्ध. तिने जे केलं त्याला हार म्हणा हवं तर. पण त्या हारेमुळे तह जिवंत राहिला.

अंजदीववरची माणसं

आता मुंबईकडे येऊ. मार्च-एप्रिल १६६२ मध्ये अर्ल ऑफ मार्लबरोच्या हाताखाली पाच जहाजं इंग्लंडहून निघाली. त्यांवर सर अब्राहम शिपमन आणि सुमारे चारशे सैनिक होते. गोव्याचा नवा व्हाइसरॉय अंतोनियो द मेलो द कास्त्रो याच ताफ्यातून आला. सप्टेंबरात ताफा मुंबईसमोर उभा राहिला आणि तिथे वाद पेटला. इंग्रजांच्या मते तहात ठाणे, साष्टीसह सगळा परिसर येत होता. पोर्तुगिजांच्या मते फक्त मुंबई बेट. शिवाय शिपमनजवळचे कागद रीतसर नाहीत, असं सांगून व्हाइसरॉयने ताबा द्यायचंच नाकारलं. वसईचे फादर आणि जमीनदारही या हस्तांतराच्या विरोधात होते.

मार्लबरो परत गेला. शिपमनच्या सैनिकांना सुरतेच्या इंग्रज वखारीने ठेवून घेतलं नाही, कारण मोगल अधिकाऱ्यांना एवढं परकं सैन्य खपलं नसतं. त्यांना कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरवलं गेलं. तिथल्या दोन पावसाळ्यांत ताप आणि हगवणीने माणसं पटापट मेली. शिपमनही १६६४ मध्ये तिथेच गेला. अखेर मुंबईला पोचायची वेळ आली तेव्हा सव्वाशे माणसंही उरली नव्हती. इतिहासात या राजविवाहाची चित्रं भरपूर आहेत, या साध्या शिपायांची आठवण कुणी काढत नाही.

१८ फेब्रुवारी १६६५ रोजी शिपमनचा चिटणीस हम्फ्री कुक याने ताबा घेतला. दस्तऐवजावर सह्या झाल्या त्या दोना इनेस द मिरांदा या विधवेच्या वाड्यात. बेटाची मालकीण म्हणून तिचा मान होता. हा वाडा मूळचा गार्सिया द ओर्ताचा, गोव्यात राहून वनौषधींवर ग्रंथ लिहिणाऱ्या वैद्याचा. त्याला हे बेट भाडेपट्ट्याने मिळालं होतं. करारातल्या अटी व्हाइसरॉयने जाचक ठेवल्या होत्या. पोर्तुगीज गावांतले कुणबी, भंडारी मुंबईत पळून आले तर इंग्रजांनी त्यांना ठेवून घेऊ नये, असंही त्यात होतं. कष्टाची माणसं कुठे जातील, याची धास्ती जमीनदारांना पहिल्या दिवसापासून होती. बेटावरच्या कोळी, भंडाऱ्यांना अर्थात कुणी काही विचारलं नाही. कुकने माहीमही लवकरच बळकावलं.

मी हे बेट फक्त आपल्या आज्ञेखातर देतोय, आणि इंग्रज ज्या दिवशी मुंबईत स्थिरावतील त्याच दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून जाईल, असं व्हाइसरॉयने आपल्या राजाला कळवलं. द्रष्टा म्हणून त्याचं कौतुक होतं. पण एक गोष्ट निसटते. पोर्तुगिजांचा उत्तर कोकणातला मुलूख पुढे गेला तो इंग्रजांमुळे नाही. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा तो गेला.

चार्ल्सला मुंबईचा उपयोग कळेना. दूरच्या बेटावर खर्च होई, उत्पन्न नाही. २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं, वर्षाला दहा पौंड भाड्याने, तेही सोन्याच्या नाण्यांत. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रजांनी आपली वखार कशीबशी राखली होती. मोगलांच्या शहरात परवानगीने राहण्यापेक्षा स्वतःची तटबंदी असलेली जागा हवी, हे कंपनीला पटलं होतं. लंडनच्या नजरेत मात्र त्या काळी मोलाचं आंदण होतं टँजिअर. त्यावर अफाट पैसा ओतला गेला, समुद्रात मोठा धक्का बांधला गेला, आणि १६८४ मध्ये तो धक्का स्वतःच उद्ध्वस्त करून इंग्रज तिथून निघून गेले.

पोर्तुगालला काय मिळालं

तहातली इंग्रज पलटणं १६६२ मध्ये पोर्तुगालला पोचली. ८ जून १६६३ ला आमेयशियालच्या लढाईत त्यांनी टेकडीवर चढून स्पॅनिश फळी मोडली. १७ जून १६६५ ला माँतेस क्लारोसला स्पेनचा शेवटचा मोठा पराभव झाला. फ्रान्सनेही आडून सरदार शाँबर्गला पाठवलं होतं, त्याचं सेनापतित्व फार मोलाचं ठरलं. त्यामुळे सगळं श्रेय इंग्लंडला देता येत नाही. पण इंग्लंडच्या उघड मदतीशिवाय तेवढ्यावर निभावलं असतं का, याची शंका आहे. १३ फेब्रुवारी १६६८ च्या लिस्बनच्या तहाने स्पेनने पोर्तुगालचं स्वातंत्र्य मान्य केलं, आणि त्यात मध्यस्थ होतं इंग्लंड.

डचांविरुद्धच्या मदतीचं कलम मात्र कागदावर राहिलं. जानेवारी १६६३ मध्ये कोचीन पडलं तेव्हा इंग्रज कुठेच नव्हते. पूर्वेकडचा लुईझाचा हिशेब चुकला, युरोपातला बरोबर आला. तिला लिस्बनचा तह पाहायला मिळाला नाही. फेब्रुवारी १६६६ मध्ये ती गेली.

वारस

ऑक्टोबर १६६३ मध्ये कॅथरीन मरणाच्या दारात होती. तापाच्या भ्रमात आपल्याला तीन मुलं झाली आहेत, असं ती बोलत होती, आणि राजा तिच्या उशाशी बसून हो म्हणत होता. पुढच्या काही वर्षांत ती गरोदर राहिली, पण गर्भ टिकला नाही. मे १६६८ मध्ये असंच झालं तेव्हा चार्ल्सने आपल्या बहिणीला लिहिलं, की वाईट वाटतं, पण तिला दिवस जातात हे तरी सिद्ध झालं, याची मला आजवर खात्री नव्हती. सात वर्षांपूर्वी स्पेनच्या वकिलाने सोडलेली कुजबुज राजाच्या मनात तोवर घर करून होती, हे या पत्रातून दिसतं. राजाची स्वतःची अनौरस मुलं डझनभर तरी होती, त्यामुळे दोष कुणाचा याबद्दल दरबारात कुणाला प्रश्नच पडला नाही.

त्याच वर्षी तिच्या माहेरी काय झालं ते पाहा. अफोंसोचं लग्न १६६६ मध्ये साव्हॉय घराण्यातल्या मारी फ्रान्स्वाझशी झालं. नोव्हेंबर १६६७ मध्ये ती मठात जाऊन राहिली आणि हे लग्न पूर्णत्वास गेलंच नाही, असं तिने जाहीर केलं. १६६८ मध्ये ते रद्द ठरलं. अफोंसोकडून कारभार काढून घेतला गेला, आणि तिने त्याच्याच धाकट्या भावाशी, पेद्रूशी लग्न केलं. तिचं दरबारातलं स्थान कायम राहिलं. निपुत्रिक असण्याची किंमत लिस्बनमध्ये नवऱ्याने भरली, लंडनमध्ये बायकोने. एकाच घराण्यातली, एकाच वर्षातली ही दोन उदाहरणं सांगतात, की वारसाचा प्रश्न शरीराचा असला तरी त्याचा निकाल दरबारातलं बळ पाहून लागत असे. मारी फ्रान्स्वाझच्या पाठीशी एक गट होता, शिवाय राजाच्या जागी बसवायला दीर तयार होता. कॅथरीनच्या पाठीशी कुणी नव्हतं.

क्लॅरेंडनही या प्रश्नात भरडला गेला. त्याची मुलगी अ‍ॅन राजाच्या भावाला, जेम्सला दिलेली होती. आपली नातवंडं गादीवर यावीत म्हणून याने मुद्दाम वांझ राणी निवडली, असं त्याचे शत्रू म्हणत. आरोप खोटा होता, त्याने ही राणी निवडलेलीच नव्हती. पण त्याच्या दोन्ही नाती, मेरी आणि अ‍ॅन, पुढे खरोखर इंग्लंडच्या गादीवर बसल्या.

१६७८ मध्ये टायटस ओट्स नावाच्या माणसाने कॅथलिकांच्या कटाची कहाणी रचली आणि देश भीतीने वेडा झाला. राणी आपल्या वैद्याकरवी, सर जॉर्ज वेकमनकरवी, राजाला विष देणार होती, असं त्याने शपथेवर सांगितलं. राणीचं हे बोलणं तिच्या सॉमरसेट हाउस या वाड्यात ऐकल्याचा त्याचा दावा होता. राजाने त्याला स्वतः प्रश्न विचारले तेव्हा तो ती खोलीसुद्धा दाखवू शकला नाही. तरीही राणीला व्हाइटहॉलच्या राजवाड्यातून घालवावं, असा ठराव पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहाने केला, लॉर्ड्स सभागृहाने तो अडवला. सॉमरसेट हाउसशी संबंधित गरीब माणसं खोट्या साक्षीवर फासावर गेली. जुलै १६७९ मध्ये वेकमन निर्दोष सुटला आणि राणीवरचं मोठं संकट टळलं. १६८० मध्ये राजाचा विरोधक लॉर्ड शाफ्ट्सबरी याने राजाच्या घटस्फोटाची सूचना मांडली, म्हणजे राजा प्रॉटेस्टंट मुलगी करील आणि वारस होईल. चार्ल्सने ती मोडून काढली.

इथे चार्ल्सला प्रेमळ नवरा ठरवण्याचा मोह अनेकांना होतो. त्याला बायकोबद्दल कणव होती, हे खरं. पण घटस्फोट घेतला असता तर वारस कोण हे ठरवण्याचा हक्क पार्लमेंटला आहे, असं त्याने मान्य केल्यासारखं झालं असतं. त्या वेळी कॅथलिक झालेल्या जेम्सला गादीपासून दूर ठेवण्याचा कायदा पार्लमेंटमध्ये येत होता, आणि राजा त्याच्याशी झुंजत होता. बायकोचा बचाव आणि गादीचा बचाव त्याच्यासाठी एकच होता. कॅथरीन वाचली ती या दोन्हींमुळे.

लिस्बनला परत

फेब्रुवारी १६८५ मध्ये चार्ल्स गेला. कॅथरीन आणखी सात वर्षं इंग्लंडमध्ये राहिली, जेम्सचं राज्य आलेलं आणि गेलेलं तिने पाहिलं, आणि जानेवारी १६९३ मध्ये ती लिस्बनला पोचली. भाऊ पेद्रू आता राजा होता. तिने बेंपोश्ताला आपला वाडा बांधला.

यानंतरचा भाग इंग्रजी चरित्रांत दोन ओळींत उरकतात, आणि माझ्या मते या प्रकरणातला निर्णायक पुरावा तिथेच आहे. १७०३ मध्ये पोर्तुगाल इंग्लंडच्या बाजूने स्पॅनिश वारसायुद्धात, म्हणजे स्पेनच्या गादीच्या वारसावरून पेटलेल्या युद्धात उतरलं. १७०४ मध्ये पेद्रू मोहिमेवर गेला तेव्हा आणि पुढे आजारी पडला तेव्हा, राज्यकारभार त्याने कॅथरीनकडे सोपवला. चाळीस वर्षांपूर्वी ज्या दोन देशांची मैत्री तिच्या लग्नाने बांधली गेली होती, त्यांची सैन्यं आता तिच्या कारभारात एकत्र लढत होती, समोर पुन्हा स्पॅनिश फौजा होत्या. १७०५ च्या मोहिमेत सरहद्दीपलीकडची वालेन्सिया द अल्कांतारा आणि आल्बुर्केर्के ही ठाणी दोस्त सैन्याने घेतली. तीस वर्षं इंग्लंडमध्ये जिला राज्यकारभारातलं कुणी काही विचारलं नव्हतं, ती वयाच्या सहासष्टाव्या वर्षी युद्धकाळातलं राज्य चालवत होती, जसं तिच्या आईने चालवलं होतं. ३१ डिसेंबर १७०५ रोजी बेंपोश्ताच्या वाड्यात तिचं निधन झालं, आणि मुंबई तेव्हा कंपनीच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कारभाराचं मुख्य ठाणं झाली होती.